जावईबापू, लाइट गेली

अक्काला कोणी दुखावलं की ती चिडायची नाही, हसायची. चष्मा कपाळावर सरकवायची, समोरच्याकडं नीट बघून घ्यायची आणि हळूच म्हणायची, "ठेई लिधं." ठेवून घेतलं. एवढंच. नव्या माणसाला वाटायचं, बाई किती समजूतदार, अपमान गिळून टाकला. आम्ही जुने लोक मात्र अपमान करणाऱ्याकडं दयेनं बघायचो. अक्कानं ठेवलेली गोष्ट हरवल्याचं मी कधी ऐकलं नाही. कधी पुढच्या उन्हाळ्यात, कधी त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात ती बरोबर बाहेर निघायची. मिलमधले लोक मागं तिला 'डूख-अक्का' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि ते नाव तिला आवडायचंही.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जळगावला एका डाळमिलच्या माडीवर आमचं ऑफिस होतं; मिल आणि ऑफिस दोन्ही एकाच शेठचं. खाली तूर, उडीद, मूग; वर आम्ही पाच-सहा जण आणि कॉम्प्युटर. आम्ही काट्याचं सॉफ्टवेअर करायचो. काटा म्हणजे ट्रकचं वजन करायचा, मिलच्या दारातला. ट्रक वर चढला की वजन आपोआप कॉम्प्युटरवर यायचं आणि पावती छापून निघायची. पहिल्या ओळीपासून ते सॉफ्टवेअर अक्कानं लिहिलेलं. मी बोदवडहून रोज पॅसेंजरनं अप-डाउन करायचे. पहिल्याच दिवशी मी तिला "अक्का, तुम्ही" म्हटलं, तर म्हणाली, "मी काय तुन्ही सासू शे का? 'तू' म्हण." त्या दिवसापासून ती माझी अक्का.

तिच्या सुडाला नियम होते. सूड दिवसाउजेडी घ्यायचा, तोंडावर घ्यायचा, अपमान जेवढा असेल तेवढाच घ्यायचा, आणि ज्याच्यावर घेतो त्याला तो कळला पाहिजे. चैत्रात ती घरी बिबड्या करायची, ज्वारीचे पापड. आम्हाला सगळ्यांना डबाभर मिळायच्या. एकदा बिबडी मोडता मोडता म्हणाली, "पोरी, सूड बिबडीसारखा असतो. कडक उन्हात वाळवला तर वर्षभर टिकतो. ओलाच झाकून ठेवला तर बुरशी धरते, मग ती आपल्यालाच खावी लागते." अंधारात कोणाच्या सायकलची हवा सोडणारी माणसं तिला किळसवाणी वाटायची. "मी लपीसन काही करस नही," ती म्हणायची. "बठ्ठं उन्हमा." सगळं उन्हात.

बाजारातल्या एका भांडीवाल्याचं उदाहरण सांगते. अक्का डबे बघत होती, तर तो म्हणाला, "बाई, घ्यायचं नसेल तर हात लावू नका." अक्का हसली. पुढच्या वर्षी मिलमधल्या सगळ्या कामगारांना दिवाळीला स्टीलचे डबे द्यायचं ठरलं आणि खरेदीचं काम तिनं स्वतःहून मागून घेतलं. मला बरोबर घेऊन ती थेट त्याच दुकानात गेली. हात मागं बांधून उभी राहिली. त्यानं माळ्यावरून डबे उतरवले, पुसले, झाकणं लावून दाखवली, थंड मागवलं. सगळा माल पोत्यात भरून झाल्यावर अक्का म्हणाली, "भाऊ, बघा, मी एकाही डब्याला हात लावलेला नाही. कारण मला घ्यायचं नाहीये." मग तिनं शेजारच्या दुकानातून डबे घेतले. त्या माणसाचं तोंड आठवलं की मला अजून हसू येतं. बिचारा वगैरे मला तेव्हाही वाटलं नाही.

चुकायचीही ती. टेलिफोनच्या ऑफिसातल्या एका बाबूनं आमची लाइन विनाकारण तोडली होती. अक्कानं ते ठेवून घेतलं, आणि पुढं त्याला इतकं पळवलं की तो अक्काचा आवाज ऐकला की खुर्चीतून उठायचा. नंतर कळलं, मूळ बाबूची कधीच पिंपळनेरला बदली झाली होती. हा त्याच्या जागेवर आलेला नवीन माणूस. दुसऱ्या दिवशी बिबड्यांचा डबा घेऊन त्याच्याकडं गेली आणि सगळ्या ऑफिससमोर म्हणाली, "साहेब, तुम्हाला जे मिळालं ते तुमचं नव्हतं." माफी मागायची तर तीही उघड्यावर. पिंपळनेरच्या बाबूचं मात्र तिनं तसंच ठेवून दिलं. "जेनं शे, तेले दी टाकानं," म्हणाली. ज्याचं त्यालाच द्यायचं.

आणि फक्त स्वतःचेच सूड ती घ्यायची असं नाही. मला बघायला एक स्थळ आलं होतं, चांगलं मिलवालं घर. मुलाच्या आईनं मला चालायला लावलं, केस सोडायला लावले, आणि निरोप पाठवला की मुलगी दिवसभर मशिनपाशी बसते, आम्हाला संसाराला पाहिजे. ऑफिसात येऊन मी रडले. अक्का म्हणाली, "काय वं माय, काब्र रडस? नाव सांग." दोन हंगाम गेले आणि त्याच घराण्याच्या मिलनं आमचं सॉफ्टवेअर घेतलं. शिकवायला अक्कानं मलाच पाठवलं, वर निरोप धाडला की मालकाच्या चिरंजीवांनी स्वतः बसून शिकावं, मुनीम चालणार नाही. चिरंजीव आठवडाभर माझ्यासमोर बसून "हां मॅडम, हो मॅडम" करत होते. आई आतून चहा आणून देत होती. तो चहा मी सावकाश प्यायले.

आता मूळ गोष्टीवर येते.

आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काट्यात काहीतरी वेगळं लागायचं. बोदवडच्या मिलला पावतीवर पोत्यांचा आकडा हवा, शिंदखेड्याच्या जिनिंगला कपाशीतला ओलावा हवा. त्यामुळं एकाच सॉफ्टवेअरच्या ढीगभर प्रती झाल्या होत्या. फोल्डरांची नावं 'नवीन', 'एकदम नवीन', 'हेच घ्या', 'हेच घ्या खरं'. एकानं केलेली दुरुस्ती दुसरा पुसून टाकायचा. तेव्हा अक्कानं ठरवलं, आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवायचं. कोणी काय बदललं ते सगळं त्यात साठत जातं आणि घोळ झाला तर हवं तेवढं मागं जाता येतं. ते फुकट मिळायचं, पण आयतं नाही. त्याचा मूळ कोड उतरवून घ्यायचा आणि आपल्या मशिनवर कंपाइल करायचा, म्हणजे चालण्याजोगा बनवून घ्यायचा. आणि कंपाइल करण्याआधीच एक गोष्ट ठरवावी लागायची, की हा सगळा साठा ठेवायचा कशात. दोन पर्याय होते. एक डेटाबेस, सगळा माल एका बंद पेटीत. दुसरा साध्या फाइली, प्रत्येक बदलाची एक फाइल, डोळ्यांना दिसणारी.

अक्कानं फाइली निवडल्या. कारण साधं होतं. तेव्हा जळगावात रोज लोडशेडिंग असायचं, आणि वेळापत्रकात छापलेल्या वेळेबाहेरही लाइट जायची. आमच्या यूपीएसची बॅटरी नावापुरती होती. लिहिता लिहिता लाइट गेली की तो डेटाबेस अडकून बसायचा, कोणी येऊन सोडवेपर्यंत कोणालाच आत जाता यायचं नाही. फाइलींचं तसं नव्हतं. फार तर शेवटची अर्धवट फाइल वाया जायची, बाकी जागच्या जागी. "जे ठेवायचं ते डोळ्याला दिसलं पाहिजे," अक्का म्हणाली आणि कंपाइल करायला बसली.

तेवढ्यात जावईबापू आले.

आमच्या शेठची थोरली लेक पुण्याला दिलेली. जावई तिथल्या मोठ्या कंपनीत साहेब होते. शेठच्या मनात आलं, घरचाच माणूस एवढा शिकलेला आहे तर महिन्यातून एकदा येऊन ऑफिसावर नजर टाकावी. खानदेशात जावयाचा मान काय असतो ते मी सांगायला नको. जावई जेवत असेल तर त्याचा हात थांबेपर्यंत घरात कोणी पाट सोडत नाही. त्यानं दिवसाला रात्र म्हटलं तर सासरा दिवा लावायला उठतो. पण ही चाल घरातली होती. ती माडीवर, कॉम्प्युटरपाशी आली, तिथं सगळं बिघडलं.

जावईबापूंनी पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "साध्या फाइली? हे काय किराणा दुकान आहे का, पुड्या बांधून ठेवायला? आमच्याकडं सगळं डेटाबेसमध्ये असतं." शेठ हसले. शेठ हसले म्हणून मुनीम हसला. त्यांच्या कंपनीत त्यांचं बरोबरही असेल. तिथं खाली जनरेटर होता. अक्कानं लोडशेडिंगचं सांगून पाहिलं. शेठ मधेच म्हणाले, "अक्का, जावईबापू म्हणतात तसं करा ना." आणि जावईबापूंनी वर शिक्का मारला, "आणि हो, डेटाबेसला माझ्या परवानगीशिवाय कोणी हात लावायचा नाही."

अक्कानं चष्मा कपाळावर सरकवला. "बरं," म्हणाली. मी मनात म्हटलं, संपला हा माणूस.

तिनं पुन्हा कंपाइल केलं, डेटाबेस घालून, अगदी काळजीपूर्वक. कामात खोट काढायला जागा ठेवली नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी लाइट गेली, परत आली, आणि डेटाबेस अडकला. तो सोडवायचा हुकूम अक्काला पाठ होता. पण तिनं फोन उचलला आणि पुण्याला लावला.

"जावईबापू, लाइट गेली होती. तुमचा डेटाबेस अडकलाय. काय करू?"

त्यांनी सांगितलं, तिनं सोडवला. संध्याकाळी पुन्हा लाइट गेली. पुन्हा फोन. "जावईबापू, लाइट गेली. काय करू?" ते मीटिंगमध्ये असत, गाडी चालवत असत, साहेबाच्या मुलाच्या मुंजीत असत. अक्काचा आवाज साखरेसारखा. ते वैतागून म्हणाले, "अहो, एकदा सांगितलं ना, तेच करा." अक्का म्हणाली, "तुमच्या परवानगीशिवाय हात कसा लावू? शेठजींसमोर बोलला होतात." परवानगीची अट मागं घ्यायची तर शेठसमोर आपला शब्द मागं घ्यावा लागणार, आणि जावयाचा शब्द मागं जात नसतो. स्वतःच्याच मानात अडकले होते बापू. अक्का दर आठवड्याला त्यांना लोडशेडिंगचं नवं वेळापत्रकही कळवायची, म्हणजे त्यांना फोनच्या वेळा आधी माहीत असाव्यात. आम्ही पदर तोंडात कोंबून हसायचो. असा नितळ, उघडा, नियमात बसणारा सूड मी पुन्हा पाहिला नाही.

हे त्यांनी गप गिळलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण पुढच्या खेपेला ते आले तेव्हा बरोबर एक नवी डिस्क घेऊन आले, नेटवर्कवर लावायची. म्हणाले, "इथं वर सगळा डाळीचा भुसा. साठा खाली हलवू, शेठजींच्या केबिनमध्ये. तिथं एसी आहे." अक्का यावेळी हसली नाही. सरळ बोलली. "बापू, हे करू नका. डेटाबेस एका मशिनवर आणि त्याचा साठा दुसरीकडं, असं ठेवायचं नाही, हे त्याच्या माहितीतच लिहिलंय. लाइट गेली तर आत्ता निदान सुटतो. तसं केलं तर फुटेल." मी तिथंच उभी होते. माझ्या कानांनी ऐकलंय. जावईबापू म्हणाले, "अक्का, तुम्ही काटा सांभाळा." आणि स्वतःच्या हातानं साठा खाली हलवला. शेठ कौतुकानं बघत होते.

शेठची एक सवय होती. दिवेलागणीला ते केबिनमध्ये लक्ष्मीच्या फोटोला उदबत्ती लावायचे, हात जोडायचे, आणि निघताना भिंतीवरचा बोर्ड खट्कन बंद करायचे. सगळीच बटणं, त्या नव्या डिस्कचंही. काटकसरी माणूस, वडिलांपासूनची सवय. वर आम्ही कामात असायचो. अक्कानं त्यांना सांगितलं, मी सांगितलं, मुनिमानं बोर्डावर चिठ्ठी डकवली. एक-दोन दिवस ते आठवणीनं थांबत, मग उदबत्तीच्या मागोमाग हात आपसूक बोर्डाकडं जाई. आणि तुरीचा हंगाम तोंडावर असताना, एका संध्याकाळी, आम्ही चौघं आपापले बदल आत टाकत होतो तेव्हा खाली खट् झालं.

डेटाबेस यावेळी सुटला नाही. अक्कानं पुण्याला फोन केला, त्यांनी सांगितलं ते सगळं केलं, मग स्वतःला येत होतं तेही केलं. साठा फुटला होता. वर्षभराच्या सगळ्या आवृत्त्या गेल्या. आमच्या मशिनांवर आजचं होतं, पण मागचं काही नाही. नेमकं शिंदखेड्याच्या जिनिंगला पाठवलेल्या नव्या आवृत्तीत चूक निघाली, जुनी परत द्यायची तर ती उरलीच नव्हती. काट्यासमोर कपाशीच्या गाड्यांची रांग लागली आणि जिनिंगचा मालक आमच्या शेठला फोनवर नाही नाही ते बोलला.

जावईबापू धावत आले. खालच्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं. मला वाटलं, आता काय बोलणार हा माणूस? डिस्क त्याच केबिनमध्ये, त्यांच्या मागं ठेवलेली. ते शांतपणे म्हणाले, "मला कोणावर आरोप करायचा नाही. पण डेटाबेस रोज सोडवायचं काम अक्का करायच्या. मी फाइली नको म्हटलं ते त्यांच्या मनात होतंच. आणि अक्कांचा स्वभाव कसा आहे, ते मी नव्यानं आलेल्या माणसानं कशाला सांगायचं?"

सगळ्यांनी अक्काकडं पाहिलं. मुनिमानं, कामगारांनी, वरच्या पोरांनी. ज्या सुडांच्या गोष्टी आम्ही डब्याच्या वेळी रंगवून सांगायचो, त्या सगळ्या तिच्यावरच उलटल्या. भांडीवाल्यानं ऐकलं असतं तर त्यानंही मान डोलावली असती. मी ओरडले, "साठा यांनी हलवलाय! अक्का नको म्हणत होती!" शेठ म्हणाले, "तू गप बस पोरी, मोठ्यांच्या बोलण्यात पडू नको."

अक्काचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. तिला चोर म्हटलं असतं तरी तिनं झेललं असतं. तिला लपून सूड घेणारी म्हटलं होतं. ती एवढंच बोलली, "शेठजी, मी केलं असतं तर तुम्हाला सांगून केलं असतं."

दुसऱ्या दिवशी शेठनं तिला एकटीला बोलावलं, पण मी दारात उभी राहिले आणि हलले नाही. शेठ मान खाली घालून बोलत होते. "अक्का, मला समजतं. बोर्ड मीच बंद केला. डिस्क कोणी आणली तेही मला माहीत आहे. पण लेक दिलीय त्या घरात. जावयाला चारचौघांत खोटं कसं पाडू? तुम्ही फक्त एकदा त्यांना म्हणा, चुकलं. विषय संपेल. तुमची जागा तशीच राहील."

"जे केलं नाही त्याची माफी मागू?" अक्का म्हणाली. "मग आजवर मी घेतलेल्या सुडांची काय अब्रू राहील, शेठजी?"

शेठला ते कळलं की नाही, देव जाणे. मला कळलं.

जाण्याआधी ती माडीवर आली. आवृत्त्यांचं ते सॉफ्टवेअर तिनं पुन्हा एकदा कंपाइल केलं, यावेळी डेटाबेसशिवाय. साध्या फाइली. साठा आमच्या सर्व्हरवरच ठेवला. आमच्या मशिनांवर जे उरलं होतं ते गोळा करून आत टाकलं. अर्ध्यातच लाइट गेली. आली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं, तिनं पुढचं काम चालू केलं. मग पर्स उचलली, डब्यातल्या उरलेल्या बिबड्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "आता लाइट गेली तरी चालंल." बापूंच्या परवानगीचं नाव कोणी काढलं नाही.

ती धुळ्याला गेली. तिथल्या एका कॉलेजात पोरांची प्रॅक्टिकलं घ्यायला लागली. मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरपण करावं तशी तिच्याकडं जायचे. खापरावरचे मांडे करायची, पोरांनी केलेल्या आगाऊपणाचे आणि तिनं त्यांच्यावर घेतलेल्या सुडांचे किस्से सांगायची. जावईबापूंचा विषय मी काढला की खापरावर पुढचा मांडा टाकायची. एकदाच म्हणाली, "ते ठेवलंय. पण त्याला ऊन कुठलं दाखवू? शेठ जिवंत आहेत तोवर त्यांची लेक मधे येते." डूख धरणारी बाई दुसऱ्याच्या लेकीच्या संसारासाठी थांबली होती. हे जळगावात कोणाला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते.

पुढं शेठ गेले. मिल विकली. काट्याचं काम आता मी चालवते, आणि आमचा साठा अजून साध्या फाइलींतच आहे. अक्काला मात्र वेळ मिळाला नाही. शेठच्या मागोमाग आजारी पडली आणि मागच्या थंडीत गेली.

धुळ्याच्या कॉलेजात शोकसभा होती. हॉल पोरांनी भरलेला. पुढच्या रांगेत शिंदखेड्याहून आलेला अक्काचा भाऊ, आबा, टोपी मांडीवर ठेवून बसलेला. आणि व्यासपीठावर जावईबापू! आता कॉलेजांतून व्याख्यानं देत फिरतात, केस पांढरे, आवाज तसाच. म्हणाले, "अक्का माझ्या जुन्या सहकारी. त्या काळात मी त्यांना सांगायचो, अक्का, आपल्याकडं लाइट जाते, साठा साध्या फाइलींत ठेवा." मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग ते गहिवरून म्हणाले, "त्यांच्या हातून एकदा एक चूक झाली. स्वभावाला औषध नसतं. पण मी त्यांना केव्हाच माफ केलं होतं."

माफ केलं होतं!

पायऱ्यांवर आबांनी मला गाठलं. "पोरी, आमनी अक्कानी काय करेल व्हतं? कसानी माफी?" मी त्यांना सगळं सांगितलं. डिस्क, बोर्ड, केबिन, सगळं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, टोपी डोक्यावर घातली. "शेठ गया, ती बी गयी," म्हणाला. "आते खरं सांगनारं कोन शे? तूच." मग म्हणाला, "हाई तू ठेई ले."

मी ठेवून घेतलं.

बापूंचा नंबर शोधावा लागला नाही, व्याख्यानाच्या पत्रकावर छापलेला असतो. त्याच आठवड्यात जळगावला दुपारी लाइट गेली. मी फोन लावला.

"जावईबापू, लाइट गेली."

"कोण बोलतंय?"

"काट्याच्या ऑफिसातून. अक्का नाही आता, म्हणून मी करतेय. काय करू?"

त्यांनी फोन ठेवला. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा मी पुन्हा केला. त्याच्या पुढच्या वेळीही. दिवसाच करते, नाव सांगून करते, आवाज चढवत नाही. त्यांनी माझा नंबर बंद केला तेव्हा ऑफिसच्या फोनवरून केला आणि तसं आधी सांगितलंही. परवा ते न चिडता बोलले. आवाज थकलेला होता.

"तुम्हाला हवंय तरी काय?"

"एक वाक्य. त्याच हॉलमध्ये, त्याच पोरांसमोर. साठा मी हलवला होता, अक्का नको म्हणत होत्या. बास."

"अहो, किती वर्षं झाली. ते सॉफ्टवेअरसुद्धा आता कोणी वापरत नाही. आता कोणाला काय फरक पडतो?"

"शिंदखेड्याला एक म्हातारा आहे, त्याला पडतो. आणि मला पडतो."

ते म्हणाले, "विचार करून सांगतो."

"करा," मी म्हटलं. "सावकाश करा. आणि मी हे सगळं लिहून छापायला देतेय, तेही तुम्हाला आधीच सांगून ठेवते. आमच्याकडं लपून काही करत नाहीत."

अजून त्यांचा निरोप आलेला नाही. माझी काही तक्रार नाही. जळगावात उन्हाळा आत्ता कुठं लागतोय, आणि आमच्याकडची लाइट अजूनही जाते.